सुखायुचे मापन : सिकलसेल रुग्णाच्या जीवनगुणवत्तेचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आयुचे हित, अहित, सुख व दुःख असे चार प्रकार सांगितले आहेत. तिसाव्या अध्यायातील सुखायुचे वर्णन शारीर व मानस रोगांच्या अभावावरच थांबत नाही. बल, ज्ञान, इंद्रियसामर्थ्य, उपभोगाची साधने व यथेष्ट संचार यांचाही त्यात समावेश आहे. आज आरोग्यसेवेत 'जीवनगुणवत्ता' या नावाने जे मोजले जाते, त्याचे या वर्णनाशी निकटचे नाते आहे. मात्र ती मोजावयाची कशी, हा प्रश्न व्यवहारात उरतोच.

विदर्भातील वैद्यांना हा प्रश्न सिकलसेल व्याधीमुळे विशेष जवळचा आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ल व सोळंकी यांचे निरीक्षण १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. १ जुलै २०२३ रोजी या व्याधीच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. व्याधी जन्मजात असल्याने बहुतेक रुग्णांना ती आयुष्यभर सांभाळावी लागते. अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन दोन भेटींत सारखेच असेल. परंतु मधल्या काळात वेदनेमुळे त्याचे किती दिवस बुडाले, झोप लागली का, मजुरी मिळाली का, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ साली यासाठी प्रकल्प हाती घेतला. त्याच्या मूळ १५ केंद्रांत दिल्ली व मद्रास ही दोन भारतीय केंद्रे होती. त्यातून प्रथम १०० प्रश्नांची व पुढे २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली सिद्ध झाली. संक्षिप्त प्रश्नावलीतील दोन प्रश्न सर्वसाधारण आहेत; उरलेल्यांपैकी शारीरिक क्षेत्राचे ७, मानसिक ६, सामाजिक संबंधांचे ३ व परिस्थितीचे ८ आहेत. परिस्थितीत पैसा, घर, प्रवासाची सोय व आरोग्यसेवेची उपलब्धता येते. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून रुग्णाने प्रत्येक प्रश्नास १ ते ५ पैकी एक गुण द्यावयाचा असतो. वेदना, औषधांवरील अवलंबन व खिन्नता या तीन प्रश्नांचे गुण उलटे धरावे लागतात. क्षेत्रातील सरासरीस ४ ने गुणले की त्या क्षेत्राचे गुण मिळतात. समजा, सामाजिक क्षेत्रात रुग्णाने २, ३ व ४ गुण दिले. सरासरी ३, म्हणून गुण १२. गुणांची कक्षा ४ ते २० असते. चारही क्षेत्रांची बेरीज करू नये. कोणते क्षेत्र दुर्बल आहे, हेच त्यातून पाहावयाचे असते.

ही प्रश्नावली प्रौढांसाठी आहे; बालकांसाठी 'पेड्सक्यूएल'सारखी वेगळी साधने आहेत. भाषांतर मान्यताप्राप्तच वापरावे. निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखवावेत, पण उत्तर सुचवू नये. नातेवाइकांनीही त्याच्या वतीने उत्तर देऊ नये. पहिली नोंद उपचारापूर्वी करावी व पुढे ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर तीन महिन्यांनी, ती पुन्हा करावी. ऐन वेदनेच्या झटक्यात प्रश्न विचारू नयेत.

मोजणी केली आणि कागद कपाटात ठेवला, तर रुग्णाच्या पदरी काहीच पडत नाही. शारीरिक गुण उतरले असतील तर पाणी पुरेसे पिणे, नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारचे श्रम टाळणे व थंडीत ऊब राखणे याविषयी पुन्हा समजवावे. मानसिक गुण उतरले तर समुपदेशनाची सोय पाहावी. परिस्थितीचे गुण उतरले तर केवळ औषध बदलून भागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेल व्याधीचा समावेश आहे. रुग्णास प्रमाणपत्राची माहिती देऊन शासकीय रुग्णालयाकडे पाठविणे, हेही चिकित्सेचेच अंग मानावे.

औषधी दुकानदार बंधूंचे दायित्व येथे मोठे आहे. पांडुता दिसली म्हणून लोह वा मंडूर कल्प देण्याची प्रथा सर्वत्र आहे. परंतु वारंवार रक्त घेतलेल्या सिकलसेल रुग्णाच्या शरीरात लोहाचा संचय झालेला असू शकतो. लोहाची न्यूनता तपासणीने सिद्ध झाल्याशिवाय असे कल्प देऊ नयेत. हायड्रॉक्सीयुरिया चालू असल्यास ते परस्पर बंद करावयास सांगू नये. ज्वर, छातीत वेदना, श्वास लागणे, अंग लुळे पडणे अथवा पांडुता एकाएकी वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास प्रश्नावली बाजूस ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

गुण वाढले म्हणजे व्याधी बरी झाली, असा अर्थ कोणीही काढू नये व तशी जाहिरातही करू नये. गुणवाढीस ऋतू, कुटुंबाचा आधार किंवा मिळालेले काम हेही कारण असू शकते. आपल्या नोंदींतून औषधाचा गुण सिद्ध करण्याची घाई न करता, रुग्णाचे कोठे अडते हे पाहण्यासाठी त्या वापराव्यात. सव्वीस प्रश्न विचारण्यास फार वेळ लागत नाही. प्रत्येक व्यवसायबंधूने निदान आपल्या नियमित सिकलसेल रुग्णांपासून आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.