‘उदास वाटणारच की!’

‘एचआयव्ही निघाल्यावर माणूस उदास राहणारच, त्यात विशेष ते काय?’ नातेवाईक हे म्हणतात, शिकलेसवरलेले म्हणतात, ऐकून ऐकून रुग्णालाही तेच पटतं. रिपोर्ट हातात पडल्यावर हादरणं, रडू येणं स्वाभाविकच. पण दोन आठवडे उलटले तरी कशातच मन लागत नाही, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, याला नैराश्य म्हणतात. तो वेगळा आजार आहे आणि तो बरा होतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे खरं. म्हणून तो सोसत बसायचा? मधुमेह्याच्या पायाची जखम ‘व्हायचीच’ म्हणून कोणी उघडी सोडतं का? शिवाय नैराश्यात एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की विषाणू डोकं वर काढतो.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे ‘मन खंबीर कर’. कसं, ते सांगणारा अजून भेटायचा आहे! झिम्बाब्वेत हरारेच्या दवाखान्यांत प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बाकावर बसून लोकांशी बोलतात. अडचणींची यादी करायची, त्यातली एकच निवडायची, या आठवड्यात तिच्यासाठी जमेल असं एक पाऊल ठरवायचं, इतकंच. २०१६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या उपक्रमाच्या चाचणीत ५७३ जण होते, त्यांतले सुमारे ४० टक्के एचआयव्हीबाधित. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं बाकावर बसलेल्यांपैकी १४ टक्क्यांत उरली होती, इतरांपैकी ५० टक्क्यांत. यादी आणि छोटं पाऊल घरीही जमतं. रोजचं चालणं, अर्धवट सोडलेलं एखादं काम पुन्हा हाती घेणं, हेही त्यातलंच. मूड येण्याची वाट न पाहता.

मात्र स्वयंमदत म्हणजे एकट्यानं झुंजणं, असं कुणी समजू नये. नेदरलँड्समध्ये एचआयव्हीबाधितांसाठीच्या ऑनलाइन स्वयंमदत कार्यक्रमानं नैराश्य कमी झालं (‘लॅन्सेट एचआयव्ही’, २०१८), पण तिथेही फोनवर धीर देणारा मार्गदर्शक होताच.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

‘एआरटीमुळेच उदास वाटतं, गोळ्या बंद करतो.’ एफाव्हिरेन्झ या एआरटी औषधानं काहींना असा त्रास व्हायचा. डोल्युटेग्राव्हिरनं काहींची झोप उडते. वेळ किंवा औषध बदलता येतं, ते एआरटी केंद्रात विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

‘वनस्पतीचं औषध निर्धोक.’ उदासीवर विकलं जाणारं सेंट जॉन्स वॉर्ट रक्तातली अनेक एआरटी औषधांची पातळी खाली आणतं.

‘माझ्यामुळे जोडीदाराला होईल.’ नियमित गोळ्यांनी विषाणू तपासणीत सापडेनासा झाला असेल, तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही. २०१९ चा ‘पार्टनर-२’ अभ्यास पाहा.

‘समुपदेशकाला सांगितलं की गावभर होईल.’ भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

जीव द्यावासा वाटत असेल, तर याद्या आणि चालणं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि एचआयव्हीविषयी काहीही विचारायला १०९७ आहे.