रोपे नसलेली टाकी आणि पट्टेवाला मासा

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी आम्ही दोन फुटी काचेची टाकी घरात आणली. दहा बाय बाराची खोली, त्यात कपाट, शिलाई मशीन आणि मशीनशेजारी ही टाकी. दुकानदाराने पाच रंगीत मासे दिले, पाचही वेगळ्या जातींचे, वर पाणवेलीच्या दोन जुड्या. चौथ्या दिवशी वेली मुळासकट वर तरंगत होत्या. तिसऱ्या आठवड्यात पाचांतला एकच मासा उरला, काळ्या पट्ट्यांचा, आणि तो मात्र चांगला टणटणीत होता. मुलीने टाकीकडे पाहणे सोडले. ओव्हरटाइमचे पैसे पाण्यात गेले ते वेगळेच. नंतर विचारून, वाचून आणि हाताने करून जे कळले, ते आपल्या घरांसाठी येथे देत आहोत.

वेली उपटणारा हा मासा सिक्लिड कुळातला. हे कुळ फार मोठे आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेच्या मलावी, टांगानिका, व्हिक्टोरिया या सरोवरांत त्याच्या शेकडो जाती आहेत. आपल्यालाही ते परके नाही. उजनीच्या धरणातली चिलापी सिक्लिडच, फक्त ती बाहेरची. तिची मोझांबिक जात १९५२ साली भारतात आणली गेली. केरळचा करीमीन मात्र इथलाच, गोव्यात त्याला काळुंदर म्हणतात. दुकानातला एंजल मासासुद्धा याच कुळातला, हे ऐकून आम्ही चकित झालो होतो.

यातल्या बऱ्याच जातींना जमीन उकरण्याची खोड असते. अंडी घालायची झाली की तोंडाने वाळू उचलून खड्डा करतात, मग रोप असो की काही. म्हणून रोपांवर पैसे घालूच नयेत. दगड, फुटकी मातीची कुंडी, नारळाची करवंटी एवढे पुरे. मोठा दगड आधी काचेच्या तळावर ठेवावा आणि मग भोवती वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेला दगड मासा खालून उकरतो, तो कलंडतो आणि काच तडकते.

रोपे नसली की एक काम आपल्यावर येते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विषारी. स्पंज फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ सौम्य, पण तो शोषून घ्यायला येथे रोपे नाहीत. तेव्हा दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावेच लागते. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी पाच मासे सोडले आणि दर रविवारी सगळी टाकी नळाखाली धरून स्पंजसकट घासून काढली. म्हणजे जे जमत होते तेही धुऊन टाकले! चार मासे गेले त्यात पट्टेवाल्याचा दोष थोडा, आमचा जास्त. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने पिळून. नवे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे म्हणजे क्लोरीन उडून जातो.

आता निवड. लोक आधी रंग पाहतात, आमचे म्हणणे आधी घरचे पाणी पाहा. मुंबईचे तलावाचे पाणी मऊ. बोअरचे पाणी बहुधा जड, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यावर पांढरा थर धरतो. मलावीच्या माशांना असे जड, क्षारयुक्त पाणीच मानवते. त्यांच्यातला पिवळा लॅबिडोक्रोमिस चार बोटांएवढा आणि त्यातल्या त्यात शांत, पण तो सहा-सातच्या गटात राहतो. त्याला तीन फुटी टाकी लागते. मऊ पाण्यात एंजल किंवा पश्चिम आफ्रिकेचा क्रिबेन्सिस बरा. एंजलचे पंख वर-खाली वाढतात, म्हणून टाकी निदान दीड फूट उंच हवी. दोन बाय एक बाय एकची टाकी म्हणजे जेमतेम छप्पन लिटर पाणी. तिच्यात क्रिबेन्सिसची जोडी किंवा पट्टेवाल्याची जोडी ठेवावी आणि दुसरे काही नाही. कैद्याच्या कपड्यांसारखे पट्टे, म्हणून या पट्टेवाल्याला इंग्रजीत कॉन्व्हिक्ट म्हणतात. मध्य अमेरिकेचा हा मासा कोणत्याही पाण्यात तगतो.

ऑस्कर दुकानात दोन इंचांचा असतो, गोड दिसतो. तो फूटभर वाढतो. आपल्या खोल्यांत त्याला जागा नाही. फ्लॉवरहॉर्न तर संकरातून तयार केलेला मासा. त्याच्या कपाळावरच्या टेंगळाने घरात पैसा येतो असे सांगून तो महाग विकतात. पैसा येतो खरा, दुकानदाराच्या घरात. आपल्या माणसांनी तरी या नादी लागू नये.

मुंबईत हीटर लागत नाही, विदर्भातल्या थंडीत लागतो. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा हवेचा पंप रात्रीही चालू ठेवावा. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच.

आमच्या उरलेल्या पट्टेवाल्याला आम्ही मादी आणून दिली. मादी लहान असते आणि तिच्या पोटावर नारिंगी झाक असते. महिन्याभरात कुंडीच्या आत अंडी चिकटलेली दिसली. मादी पंखांनी त्यांना वारा घालत होती आणि नर काचेवरच्या आमच्या बोटावरसुद्धा धावून येत होता. मुलगी पुन्हा टाकीपुढे बसू लागली. सहा-सात दिवसांनी पिले पोहू लागली आणि आईबाप दोघे त्यांना घेऊन टाकीभर फिरू लागले.

पुढचा प्रश्न पिलांचा. दुकानदार घेत नाही, त्याच्याकडेच ढीग असतो. तळ्यात, विहिरीत सोडायची नाहीत, चिलापी कुठे कुठे पसरली ते आपण पाहतो आहोत. कुंडी काढून टाकली तरी जोडी दगडावर अंडी घालते. मुलीच्या वर्गातल्या तिघींना पिले हवी आहेत. तिने त्यांना अट घातली आहे की आधी महिनाभर बिनमाशांची टाकी फिल्टर लावून चालवायची आणि रोज चिमूटभर खाद्य टाकायचे. सुरुवातीला आमच्या स्पंजचे पिळलेले गढूळ पाणी ती बाटलीत भरून देणार आहे.