वास आंब्याचा, व्यसन निकोटिनचे : 'व्हेप'चा मुलांना धोका काय?

सोलापूरकरांना तंबाखू ओळखायला शिकवावे लागत नाही. पूर्व भागात घरोघरी महिला विड्या वळतात. पोरगा विडी ओढून आला तर दारातच कळते. व्हेप मात्र पेनड्राइव्हसारखा दिसतो, वास आंब्याचा किंवा पुदिन्याचा येतो आणि राखही पडत नाही. त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही.

व्हेप चालतो कसा?
बॅटरीवर तार तापते आणि द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात. त्या द्रवात बहुतेक वेळा निकोटिन, ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि कृत्रिम स्वाद असतात. म्हणजे ही नुसती पाण्याची वाफ नव्हे.

मुलांना जास्त धोका का?
मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत सुरू असते. या वयात निकोटिनची सवय लवकर जडते. एकाग्रता, स्मरणशक्ती आणि मन:स्थितीवर परिणाम होऊ शकतो. शिवाय सिगारेट ओढून संपते. व्हेपचे झुरके कुणी मोजत नाही.

फुप्फुसांचे काय?
तुषारांत फॉर्मल्डिहाइड, निकेल, शिसे असे घातक घटक आढळले आहेत. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होण्याची साथच आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची नोंद झाली, 68 जण दगावले. बहुतेकांनी गांजातील नशेचा घटक असलेला द्रव वापरला होता. त्यातील 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट' मुख्य कारण ठरले. आपल्याकडे चोरून विकल्या जाणाऱ्या मालात काय आहे, हे तपासणार कोण?

सिगारेटपेक्षा बरा ना?
ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेपचा पर्याय सुचवला जातो. पण ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याच्यासाठी हे नवे व्यसनच.

कायदा काय सांगतो?
2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आहे. ऑनलाइन विक्रीही गुन्हाच.
• विक्री, पहिला गुन्हा : 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही
• पुन्हा केल्यास : 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड
• साठा : 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही

पालकांनी काय करावे?
• दप्तरात अनोळखी पेन, पेनड्राइव्ह किंवा चार्जर दिसला तर विचारा.
• खोलीत गोडसर वास, सततचा खोकला, चिडचिड याकडे दुर्लक्ष नको.
• मारू-ओरडू नका; मूल आणखी लपवेल.
• धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि व्हेपबद्दल लपवू नका.
• व्यसन सोडण्यासाठी मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन : 1800-11-2356