मार्के : गेलेलं आणि राहिलेलं

इटलीला जाणाऱ्या मराठी माणसाची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा कललेला मनोरा, व्हेनिसची होडी, आणि मग बस स्वित्झर्लंडकडे वळते. या वाटेच्या पूर्वेला, अपेनाइन डोंगररांग ओलांडली की एड्रिॲटिक समुद्रापर्यंत टेकड्या-टेकड्यांनी उतरत जाणारा एक प्रांत आहे : मार्के. मोठं शहर म्हणावं असं इथं काही नाही. राजधानी आंकोना, तिचीही वस्ती लाखभराची. बाकी बरीचशी गावं टेकडीच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत. प्रत्येक गावाकडे दाखवण्यासारखं काहीतरी असतं आणि ते पाहायला त्या गावातच जावं लागतं. सगळं एका राजवाड्यात गोळा करून ठेवलेलं नाही, हीच मला या प्रांताची खरी श्रीमंती वाटते. वेळ हाताशी नसलेल्या पर्यटकाला हीच अडचण वाटेल, हेही खरं.

सुरुवात उर्बिनोपासून करावी. गावाला रेल्वे होती, ती १९८७ साली बंद पडली. आता पेझारोहून बसने घाट चढत यावं लागतं. वळणावर अचानक दोन सडपातळ बुरूज दिसतात आणि त्यांच्या मधोमध एकावर एक रचलेले सज्जे. हा फेदेरिको दा माँतेफेल्त्रोचा (१४२२–१४८२) वाडा. फेदेरिको भाडोत्री फौजांचा सेनापती होता. पैसे घेऊन दुसऱ्यांची युद्धं लढायची आणि मिळालेला पैसा आपल्या डोंगरी गावात ओतायचा, असा त्याचा व्यवहार. एका झुंजीच्या खेळात उजवा डोळा गेला, म्हणून चित्रांत तो नेहमी डावीकडूनच दिसतो. वाड्याची आखणी डाल्मेशियाहून आलेल्या लुचानो लौराना या वास्तुविशारदाची. त्याने घडवलेला आतला चौक पाहिला की दगडालाही सभ्यता असते हे पटतं. कुठेही डोळ्यांत भरावं असा हट्ट नाही, फक्त कमानी आणि मोजमाप.

या वाड्यात आता मार्केचं राष्ट्रीय कलादालन आहे. गर्दी बेताची, त्यामुळे एखाद्या चित्रासमोर मनसोक्त उभं राहता येतं. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं 'ख्रिस्ताला फटके' हे चित्र पाहून बरेच जण आधी चकित होतात ते त्याच्या आकाराने. रुंदी तीन फूटसुद्धा नाही. ज्याच्या नावाने चित्र आहे तो ख्रिस्त मागे, लांबवर, छोटासा. पुढे उजवीकडे तीन पुरुष आपल्याच बोलण्यात उभे. ते कोण, यावर विद्वान पिढ्यान् पिढ्या भांडत आले आहेत आणि मिटण्याची चिन्हं नाहीत. फेब्रुवारी १९७५ मध्ये चोरट्यांनी हे चित्र, पिएरोचीच 'सेनिगालियाची माता' आणि राफाएलचं 'मूक स्त्री' अशी तीन चित्रं रात्रीतून पळवली. वर्षभरानंतर ती स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोत सापडली.

वाड्यातली माझ्या मते सर्वांत देखणी खोली मात्र सर्वांत लहानांपैकी आहे : फेदेरिकोचा अभ्यास. चार पावलांत संपते. भिंतींच्या खालच्या भागात अर्धवट उघडी कपाटं, त्यांत पुस्तकं, वाद्यं, चिलखत, एक खारही. हात लावायला जावं तर सगळं सपाट : वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या चकत्या जडवून केलेला हा दृष्टिभ्रम. वर थोर पुरुषांची अठ्ठावीस चित्रं होती. त्यांतली चौदाच उर्बिनोत उरली, बाकीची चौदा पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहेत. १६३१ मध्ये उर्बिनोचं राज्य पोपच्या ताब्यात गेलं. राज्यकर्त्या घराण्यातली शेवटची मुलगी फ्लॉरेन्सला दिलेली, तिच्याबरोबर उत्तमोत्तम चित्रं गेली. फेदेरिकोचं पिएरोने काढलेलं प्रसिद्ध व्यक्तिचित्र म्हणूनच फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सी कलादालनात आहे. हस्तलिखितांचा त्याचा ग्रंथसंग्रह १६५७ मध्ये रोमला व्हॅटिकनमध्ये हलवला. राफाएल १४८३ साली याच गावात जन्मला, चढावरच्या एका घरात. घर पाहता येतं. पण पोरवयात आईबाप गेलेला हा मुलगा पुढे बाहेर पडला आणि रोमचा झाला.

जाणाऱ्यांची ही यादी मार्केभर लांबत जाते. पेझारोचा संगीतकार रोस्सिनी गेला. रेकानातीचा बेन्यामिनो जिल्यी न्यूयॉर्कच्या ऑपेरात गायला. त्याच रेकानातीत जाकोमो लेओपार्दी (१७९८–१८३७) हा कवी मात्र बाहेर पडण्यासाठी तडफडत राहिला. बापाची लायब्ररी हजारो पुस्तकांची. पोराने तिच्यात स्वतःला कोंडून घेऊन ग्रीक, हिब्रू शिकून घेतलं आणि तब्येत कायमची बिघडवून घेतली. ती लायब्ररी आजही त्याच घराण्याच्या वाड्यात आहे. ज्या टेकडीवर बसून त्याने 'अनंत' ही कविता रचली, तिथपर्यंत पायी जाता येतं. गावाला आता त्याचं भारी कौतुक. जिवंतपणी तो या गावाबद्दल काय बोलत असे, ते पाट्यांवर फारसं लिहिलेलं नाही.

उलट दिशेने आलेला माणूस म्हणजे लोरेन्झो लोत्तो. मूळचा व्हेनिसचा. तिथे तिशियान या चित्रकारासमोर त्याची डाळ शिजली नाही आणि तो मार्केच्या गावोगावच्या चर्चमध्ये चित्रं काढत फिरला. रेकानातीच्या संग्रहालयातलं त्याचं 'देवदूताचा निरोप' चुकवू नये. देवदूत आत आलाय, मरिया घाबरून पाठ फिरवून थेट आपल्याकडे बघतेय आणि मधून एक मांजर अंग फुगवून पळतंय. या विषयावरची शेकडो चित्रं इटलीत आहेत. घरात अनोळखी कुणी घुसल्यावर काय होतं, हे मला याच एका चित्रात दिसलं. १५५० मध्ये लोत्तोने आंकोनात आपली चित्रं विकायला काढली. फारच थोडी गेली. थकलेला लोत्तो शेवटी लोरेतोच्या देवस्थानात सेवेकरी म्हणून राहिला आणि तिथेच वारला. त्याच्या जमाखर्चाची वही अजून शिल्लक आहे.

लोरेतो म्हणजे या प्रांताचं पंढरपूर. नाझरेथमधलं मरियेचं घर देवदूतांनी उचलून १२९४ साली इथे आणून ठेवलं, अशी श्रद्धा आहे. प्रचंड बासिलिकेच्या पोटात, संगमरवरी आवरणाच्या आत, ते तीन भिंतींचं साधं घर उभं आहे. आवरणाचा आराखडा ब्रामांते या वास्तुविशारदाचा. त्याच्या पायाशी दगडाच्या पायरीत दोन चर पडले आहेत, गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकांनी पाडलेले. आतली काळी मूर्ती १९२१ च्या आगीत जळाली, आजची नंतरची. घर हवेतून आलं म्हणून ही माता वैमानिकांची रक्षणकर्ती ठरली. १९२० मध्ये पोपने तसं रीतसर जाहीरही केलं.

आता आपल्याशी खरोखर संबंध असलेल्या दोन गावांकडे. माचेराता हे विद्यापीठाचं गाव. इथला मात्तेओ रिच्ची (१५५२–१६१०) चीनमध्ये जाऊन चिनी भाषेत जगाचा नकाशा करणारा जेझुइट म्हणून प्रसिद्ध आहे. पण चीनआधी तो गोव्यात होता. सप्टेंबर १५७८ मध्ये जहाजातून उतरला, तिथे शिकला, शिकवलं, मधे कोचीला जाऊन पाद्री झाला आणि १५८२ मध्ये मकावकडे निघाला. गोव्यातल्या देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवू नये असं ठरत होतं, त्याविरुद्ध त्याने रोमला पत्र लिहिलं होतं.

तोलेंतिनो माचेरातापासून जवळच. गावाचा मुख्य संत निकोला. त्याच्या बासिलिकेतल्या मोठ्या चॅपलच्या भिंती आणि छत चौदाव्या शतकातल्या रिमिनीच्या चित्रकारांनी रंगवून काढलंय. नवस फेडण्यासाठी वाहिलेल्या चित्रपाट्यांचा संग्रहही इथे आहे : बैलगाडीखालून वाचलेला, विहिरीतून निघालेला, दुखण्यातून उठलेली. पाहणारा मराठी माणूस असेल तर या दालनात त्याला कुणी काही समजावून सांगायला नको. पण आपण यायचं ते गावाच्या कॅथिड्रलसाठी. तिथे तोलेंतिनोच्या तोमासो या फ्रान्सिस्कन साधूचं शिर पूजेत आहे आणि तो मारला गेला ते ठिकाण म्हणजे आपलं ठाणं.

ही कथा १३२१ ची. तोमासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि जॉर्जियातला देमेत्रियो असे चौघे चीनला जायला निघाले होते. सोबत जोर्दानुस नावाचा फ्रेंच पाद्री. जहाज ठाण्याला लागलं. तिथल्या एका नेस्टोरियन (सिरियाई) ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, तक्रार काझीकडे गेली आणि साक्षीला हे परदेशी साधू बोलावले गेले. साक्ष राहिली बाजूला, धर्मावर वाद पेटला आणि एप्रिलमध्ये चौघांना मारण्यात आलं. जोर्दानुस भरूचकडे गेलेला असल्यामुळे वाचला. परत येऊन त्याने प्रेतं सोपाऱ्यात पुरली. फणस आणि आंबा यांचं वर्णन युरोपला कळवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी हाच जोर्दानुस. काही वर्षांनी ओदोरिको नावाचा दुसरा इटालियन साधू आला, त्याने अस्थी उकरून जहाजात घातल्या आणि चीनपर्यंत नेल्या. ही हकिकत त्याच्याच प्रवासवर्णनात आहे, चमत्कारांसकट. चमत्कार वजा केले तरी शिलाहारांनंतरच्या ठाण्याचं बंदर, त्यातले मुसलमान अधिकारी, पारशी, सिरियाई ख्रिस्ती असं एक गजबजलेलं गाव त्यातून दिसतं, आणि ते दाखवणारी साधनं आपल्याकडे फार नाहीत.

दक्षिण टोकाचं आस्कोली पिचेनो पूर्ण ट्रॅव्हर्टाइन दगडाचं. संध्याकाळी पियाझ्झा देल पोपोलोची फरसबंदी चकाकते. चौकातल्या १९०७ च्या काफे मेलेत्तीत बडीशेपेसारख्या वासाचं मद्य मिळतं आणि गावभर आत खिमा भरून तळलेली ऑलिव्हं. शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. कॅथिड्रलमध्ये कार्लो क्रिवेल्लीचा १४७३ चा सोनेरी चित्रफलक आहे. हाही व्हेनिसचाच, परस्त्रीच्या प्रकरणात तुरुंग भोगून इकडे आलेला. कॅथिड्रल संत एमिदिओचं, जो भूकंपापासून राखतो असं लोक मानतात. त्याची गरज इथे खरोखरची आहे. २०१६ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमधल्या धक्क्यांनी डोंगराकडची गावंच्या गावं मोडली. आर्क्वाता देल त्रोंतो जवळजवळ नाहीसं झालं, कामेरिनोचा जुना भाग ओस पडला, तोलेंतिनोच्या चर्चनाही तडे गेले.

म्हणून निघण्याआधी प्रत्येक चर्चची चौकशी करावी. काही दुरुस्तीसाठी बंद असतात, काहींतली चित्रं शेजारच्या संग्रहालयात हलवलेली असतात. उघडी असणारीही बरीचशी दुपारी जेवणाच्या वेळी कुलूप लावतात आणि संग्रहालयांची सुट्टी अनेकदा सोमवारी असते. कागद आणि जलचिन्हांसाठी प्रसिद्ध असलेलं फाब्रियानो वाटेत घेता येतं, तिथल्या संग्रहालयात चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने कागद करून दाखवतात. रविवारी डोंगरातल्या बसगाड्या अगदी मोजक्या असतात. त्या दिवशी आंकोना–पेझारो असा किनाऱ्याचा रेल्वेमार्ग धरावा, नाहीतर चौघांत मिळून गाडी भाड्याने घ्यावी.