थीम पार्कच्या बाहेर चांगलं जेवण कुठे? मॅप्सला नीट विचारायचं कसं

इमॅजिकातून बाहेर पडताना सगळ्यांची अवस्था सारखीच असते. पायांचे तुकडे पडलेले, फोन १५ टक्क्यांवर आणि पोटात कावळे. आम्हीही तसेच बाहेर पडलो. मी, आई-बाबा, ताई आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा. मुक्काम जवळच होता. पण दिवसभर पिझ्झा-फ्राइज खाऊन झाल्यावर आई म्हणाली, "आता साधं काहीतरी खाऊया रे. भाकरी मिळेल का कुठे?"

घरातला इंजिनिअर मीच, त्यामुळे शोधायचं काम माझ्याकडे. मी गूगल मॅप्स उघडलं, 'रेस्टॉरंट निअर मी' टाकलं आणि ४.९ रेटिंगवालं पहिलं नाव निवडलं. 'सुरू आहे' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं. वीस मिनिटं गाडी चालवून पोहोचलो, तर शटर खाली. बाबांना डायबिटीस आहे. गोळी घेतली की त्यांना वेळेवर जेवावं लागतं आणि त्यांनी गोळी गाडीत बसतानाच घेतली होती. त्या रात्री बाबा अंधारात गाडीत बसून भाच्याच्या बॅगेतली ग्लुकोजची बिस्किटं खात होते. बोलले काहीच नाहीत. मला तेच जास्त लागलं.

चूक ॲपची कमी आणि माझ्या विचारण्याची जास्त होती. दुसऱ्या दिवशी मी पद्धत बदलली आणि आम्ही तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. ती पद्धत इथे देतोय. इमॅजिका हे फक्त उदाहरण आहे. कुठल्याही थीम पार्कच्या किंवा रिसॉर्टच्या बाहेर ती चालेल.

मॅप्स नेमकं काय बघतं?

आसपासची ठिकाणं दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं, असं ते स्वतःच सांगतं. तुमच्या शब्दांशी ठिकाण किती जुळतं, ते किती लांब आहे आणि ते किती प्रसिद्ध आहे. प्रसिद्धीत रिव्ह्यूंची संख्या, रेटिंग आणि वेबवरचे उल्लेख वगैरे येतात.

आता रिसॉर्टच्या दारात उभे राहून 'रेस्टॉरंट' टाकलं तर काय होणार? ज्यांनी स्वतःला 'रेस्टॉरंट' म्हणून नोंदवलंय, जी जवळ आहेत आणि जिथे पर्यटकांनी भरपूर रिव्ह्यू लिहिलेत, तीच वर येणार. म्हणजे हायवेवरची मोठी एसी हॉटेलं. ती वाईट असतात असं नाही. पण तिथलं पनीर बटर मसाला पुण्यात आणि नागपुरातही तसंच मिळतं. गावातली खानावळ या तिन्ही परीक्षांत मागे पडते, कारण तिथे रोज जेवणारा माणूस रिव्ह्यू लिहीत बसत नाही.

पायरी १ : शोधायची जागा बदला

स्वतःच्या निळ्या ठिपक्याभोवती शोधू नका. नकाशा बोटाने सरकवा, जवळच्या गावावर आणा आणि मग 'या भागात शोधा' वर टॅप करा.

कुठलं गाव? जिथे रोजचं गिऱ्हाईक आहे ते. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. एका बाजूला खोपोली, म्हणजे कारखान्यांचं गाव आणि कर्जतकडून येणाऱ्या लोकलचं शेवटचं स्टेशन. दुसऱ्या बाजूला पाली, अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचं गाव. खोपोलीजवळच महडला वरदविनायक आहे. कामगार, प्रवासी आणि भाविक जिथे रोज येतात, तिथे साधं जेवण मिळतंच. म्हणून नकाशा स्टेशन, एसटी स्टँड, बाजारपेठ किंवा देवळाच्या आसपास न्या.

एक सावधगिरी. नकाशावर बोटभर अंतरावर दिसणारं ठिकाण रस्त्याने बरंच लांब असू शकतं. एक्स्प्रेसवेवर हवं तिथे चढता-उतरता येत नाही. म्हणून निघण्याआधी 'दिशानिर्देश' दाबून वेळ बघा. किलोमीटरवर जाऊ नका.

पायरी २ : शब्द बदला

ही पायरी सगळ्यात जास्त उपयोगी आहे. आपण मराठीत 'हॉटेलात जेवलो' म्हणतो, पण ॲपला 'हॉटेल' म्हणजे राहायची जागा वाटते. 'हॉटेल' टाकलं की खोल्यांचे दर समोर येतात. गंमत म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी खाण्याच्या जागांच्या पाट्यांवर 'हॉटेल अमुक-तमुक' असंच लिहिलेलं असतं.

त्यापेक्षा हे शब्द वापरून बघा: खानावळ, घरगुती जेवण, लंच होम, मेस, उपाहारगृह, स्नॅक्स सेंटर. प्रत्येक शब्द एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत टाका. निकाल वेगळे येऊ शकतात, कारण मालकाने नाव कुठल्या लिपीत नोंदवलंय त्यावर बरंच अवलंबून असतं.

दुसरा मार्ग, थेट पदार्थ शोधा. रायगड जिल्ह्यात असाल तर 'तांदळाची भाकरी', 'बिरडं', 'मिसळ', 'बटाटावडा' टाका. थंडीत गेलात तर 'पोपटी' टाकून बघा. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात घालून जाळावर भाजतात, ती पोपटी. पालीला गेलात तर पोह्याचे पापड आणि उकडीचे मोदक शोधा. पदार्थाचं नाव टाकलं की ॲप मेन्यू आणि रिव्ह्यूंमधले उल्लेखही जुळवून बघतं. त्यामुळे नाव नसलेल्या जागाही वर येतात.

पायरी ३ : रेटिंगचं छोटं गणित

माझं ४.९ वालं ठिकाण आठवतंय? त्याला रिव्ह्यू होते जेमतेम सात-आठ. मालकाचे भाऊ, मेहुणे आणि मित्र मिळूनही तेवढे होतात.

मी आता एक सोपी युक्ती वापरतो. प्रत्येक ठिकाणाला मनातल्या मनात ४.० चे २० जादा रिव्ह्यू देऊन टाकायचे. समजा, एका जागेला ५.० रेटिंग आहे, पण रिव्ह्यू फक्त ६. हिशोब असा: ६ × ५ + २० × ४ = ११०. भागिले २६, म्हणजे ४.२३. दुसऱ्या जागेला ४.३ रेटिंग आणि ४०० रिव्ह्यू. ४०० × ४.३ + २० × ४ = १८००. भागिले ४२०, म्हणजे ४.२९. आता दुसरी जागा पुढे गेली! कमी पुराव्यावर कमी विश्वास, एवढंच यात आहे. दर वेळी कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. अंदाज पुरतो.

पण याची उलट बाजूही आहे. १२ रिव्ह्यूंची खानावळ वाईट असते असं नाही, फक्त रेटिंगवरून तिच्याबद्दल काही ठरवता येत नाही. अशा वेळी चौथ्या पायरीवर या.

आणि यादीत सगळ्यात वर 'प्रायोजित' असं लिहिलेलं दिसलं तर ती जाहिरात आहे. ते ठिकाण पैसे देऊन वर आलंय.

पायरी ४ : आकडे सोडा, रिव्ह्यू वाचा

रिव्ह्यू उघडल्यावर 'सर्वात संबंधित' हा क्रम आधीच निवडलेला असतो. तो बदलून 'सर्वात नवीन' करा. दोन वर्षांपूर्वीचा आचारी आज असेलच असं नाही. शेवटचा रिव्ह्यू आठ महिन्यांपूर्वीचा असेल तर जागा बंद पडली असण्याची शक्यता धरून चाला. मी हे बघितलं असतं तर त्या रात्री गाडी काढलीच नसती.

फोटोंमध्ये मालकाने टाकलेले चकचकीत फोटो सोडा आणि गिऱ्हाइकांनी काढलेले बघा. स्टीलचं ताट, भिंतीवर हाताने लिहिलेला दरफलक, मागे एकटा जेवत बसलेला माणूस, या चांगल्या खुणा.

'लोकप्रिय वेळा' हा आलेख दिसत असेल तर मंगळवार आणि रविवार यांची तुलना करा. लोकांच्या लोकेशनची एकत्रित, नावं काढलेली माहिती वापरून तो बनतो. फक्त शनिवार-रविवारी गर्दी म्हणजे पर्यटकांची जागा. मंगळवारी दुपारी एक वाजताही गर्दी असेल तर गावातले लोक जेवतात. लहान ठिकाणांना बऱ्याचदा हा आलेख नसतो, तेव्हा अडून बसू नका.

शेवटचं, रिव्ह्यूंच्या आत शोधता येतं. भिंगाच्या चिन्हावर टॅप करून शब्द टाका. मी एका चहाच्या टपरीच्या रिव्ह्यूंमध्ये 'जेवण' शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, "चहा मस्त. मागच्या गल्लीत घरगुती जेवण पण मिळतं." ती मागची गल्ली नकाशावर कुठेच नव्हती.

पायरी ५ : फोन करा, नाहीतर विचारा

'सुरू आहे' हे ॲपचं वचन नसतं. कुणीतरी कधीतरी भरलेल्या वेळेवरून ते दिसतं. गावातली जागा लग्नसराईत, एकादशीला किंवा दुपारी जेवण संपलं म्हणूनही बंद असू शकते. नंबर असेल तर फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: "आत्ता जेवण मिळेल का?" आणि "शेवटचं ताट किती वाजता?" घरात डायबिटीस असलेलं कुणी असेल, लहान मूल असेल, तर ही पायरी कधीच गाळू नका. आणि गोळी ताट समोर आल्यावरच घ्यायची, हा आमच्या घरचा नवा नियम.

नेटवर्कचं काय?

घाटात आणि डोंगराच्या आडोशाला नेटवर्क जातं. म्हणून निघण्याआधी वायफायवर प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन नकाशे' मध्ये तो भाग डाउनलोड करा. नेट नसतानाही रस्ता सापडेल. आवडलेली ठिकाणं आदल्या रात्रीच यादीत सेव्ह करा. फोन नंबरांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण भुकेल्या पोटी शोध नीट होत नाही.

परराज्यात गेलात तर

तिथल्या भाषेत शोधा. बंगळुरूच्या वंडरलाचंच बघा. ते बिडदीजवळ आहे आणि बिडदी तट्टे इडलीसाठी प्रसिद्ध आहे. कन्नडमध्ये तट्टे म्हणजे ताट. इडलीही तशीच, चपटी आणि ताटलीएवढी. पण पार्कच्या दारात 'रेस्टॉरंट' टाकणाऱ्याला हे कळणार कसं? आधी त्या गावाचं नाव टाकून 'इथे काय प्रसिद्ध आहे' ते शोधा. मग तो शब्द ट्रान्सलेटमधून कन्नड लिपीत घ्या आणि मॅप्समध्ये पेस्ट करा. पाटी किंवा मेन्यू वाचता आला नाही तर गूगल लेन्सचा कॅमेरा त्यावर धरा.

आणि ती मागची गल्ली?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या टपरीवर चहा घेतला आणि चहावाल्या काकांना विचारलं. त्यांनी तिथूनच हाक मारली, "वहिनी, पाच जण आहेत!" एका घराच्या पडवीत दोन टेबलं होती. मावशींनी विचारलं, "भाकरी करायला घेऊ ना? वीस मिनिटं लागतील." बाबांनी घड्याळ बघितलं, हसले आणि गोळी खिशातच ठेवली. बिरडं आईने दोनदा मागून घेतलं.

निघताना मी म्हटलं, "मावशी, तुमची जागा मॅप्सवर टाकू का? 'ठिकाण जोडा' मधून लगेच होतं. लोक येतील." त्यांनी हात पुसत थोडा विचार केला. "नको रे बाबा. मी एकटी करते. रविवारी पन्नास माणसं दारात आली तर कुणाला काय वाढू?"

म्हणून मी ती जागा जोडली नाही आणि इथेही गल्ली सांगत नाहीये. तुम्हाला अशी जागा सापडली तर आधी मालकाला विचारा. हो म्हणाले तर जरूर जोडा. नाव मराठीत लिहा, खरी वेळ टाका, दरफलकाचा फोटो टाका. त्यांनी नको म्हटलं तर चहाच्या टपरीला चांगला रिव्ह्यू द्या आणि खाली एक ओळ लिहा: जेवणाचं काकांना विचारा.