घरचा वायफाय आणि दादीचे फोटो

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावर ते छातीपर्यंत होतं. धान्य गेलं, फ्रिज गेला, शिलाई मशीन गेली. त्यांचं दुःख महिनाभरात ओसरलं. फोटोंच्या अल्बमचं मात्र अजून आहे. चिखलात भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो आम्ही माळ्यावर दोऱ्या बांधून वाळवले आणि जेवढे सुटे झाले तेवढे स्कॅन करून घेतले. मूळ फोटो इतके सडले होते की ते टाकून द्यावे लागले.

स्कॅन केलेले फोटो, घराचा सातबारा, सर्वांचे जन्मदाखले आणि निकाहनामे असं सगळं एका जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवलं. कॉम्प्युटर माळ्यावर, आणि फोल्डर वायफायवरून घरातल्या प्रत्येक मोबाईलला उघडेल असा. अम्मींना पलंगावर बसल्या बसल्या अब्बांचे तरुणपणीचे फोटो बघता येऊ लागले. भाईजान कुवेतहून सुट्टीवर आले, त्यांनी सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून नेलं. आम्हाला वाटलं, काम झालं.

वायफायचा पासवर्ड होता घराचं नाव आणि पुढे १२३. पाहुणा आला की पाण्याच्या ग्लासाबरोबर पासवर्ड द्यायचा, ही आमच्याकडची रीत. शेजारच्या मुलांना ऑनलाइन वर्गासाठी दिला, भाडेकरूला दिला, त्यांच्याकडून आणखी कुणाकुणाला गेला असेल. फोल्डरला तर पासवर्डच नव्हता. कुणीही उघडावं, कुणीही पुसावं.

आणि एके दिवशी कुणीतरी पुसलं. मुद्दाम नव्हे. कुणीतरी मोबाईलमधली जागा रिकामी करताना हा फोल्डर आपलाच समजून उडवला असावा. नेटवर्कवरून पुसलेली फाइल कॉम्प्युटरच्या कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेही लगेच नव्हे. चार दिवस आम्ही त्याच डिस्कवर भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ भरत होतो. पुसलेल्या फाइलची जागा नवी फाइल व्यापेपर्यंत जुनी परत मिळण्याची आशा असते. आमच्याच हाताने ती आशा आम्ही संपवली. भाईजानच्या लॅपटॉपवर बरेचसे फोटो होते, पण ते गेल्यानंतर स्कॅन केलेले दादीचे चाळीसेक फोटो कुठेच नव्हते. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

मग सगळं नव्याने मांडलं. सुरुवात राउटरपासून. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरण्याचा वेगळा, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दुसरा बहुधा राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, अनेक ठिकाणी नुसता 'अ‍ॅडमिन'. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा चिठ्ठीवर असेल तो पत्ता टाकला की आतलं पान उघडतं. आधी तो पासवर्ड बदला, नाहीतर बाकीची कुलुपं दाराला लावून किल्ली दारालाच टांगल्यासारखं होईल. त्याच पानावर बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, राउटर चालवण्याची सोय बंद आहे ना ते पाहा. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचं बटणही तिथेच सापडेल.

सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी दिसलं तर हातही लावू नका, त्याचं कुलूप २००१ सालीच फुटलं आहे. बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडण्याची डब्ल्यूपीएस नावाची सोय असते, ती बंद करा. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता असं वाटतं. पण राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे सुमारे ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. २०११ मध्ये हे उघड झालं.

पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द पुरतात. मुलाचं नाव, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर नको.

यावर चाचा रागावले. "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? शेजाऱ्याला नाही म्हणणार?" आम्ही त्यांना २००८ ची गोष्ट सांगितली. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचा वायफाय उघडा होता, दुसऱ्याच कुणीतरी तो वापरला होता. बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो जोडणीचा, वापरणाऱ्याचा नव्हे. चौकशी त्याच्या दारात आली. चाचा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बदला पासवर्ड."

शेजाऱ्याला नाही म्हणावं लागत नाही. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. त्यावर इंटरनेट मिळतं, घरची डिस्क दिसत नाही. मात्र पाहुण्यांना घरचं नेटवर्क उघडण्याची एक खूण काही राउटरमध्ये असते, ती काढलेली असावी. आणि वर सांगितलेली पत्त्याची गोष्ट इथेही लागू आहे. म्हणून हा पासवर्ड ओळखीच्यांनाच देतो आणि अधूनमधून बदलतो.

डिस्कचं म्हणाल, तर आता त्या कॉम्प्युटरवर घरातल्यांसाठी वेगळी खाती आहेत. सगळे फक्त बघू शकतात. भर घालण्याचा आणि पुसण्याचा हक्क एकट्या भाभींकडे, कारण घरात नेटकेपणा त्यांच्याकडेच आहे. फाइल वाटण्याची एसएमबी-१ ही जुनी पद्धत विंडोजमध्ये बंद केली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच वाटेने जगभर पसरला होता. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण लोकांनी अपडेट केलं नव्हतं.

भाईजान म्हणत होते, कुवेतहून डिस्क थेट उघडेल असं करा. त्यासाठी राउटरचं दार जगाला उघडावं लागलं असतं, तेव्हा आम्ही नकार दिला. नवे फोटो त्यांना क्लाउडवरून पाठवतो. दर महिन्याला भाभी दुसऱ्या डिस्कवर नक्कल करतात आणि ती काढून कपाटात वरच्या मजल्यावर ठेवतात. जोडून ठेवलेली नक्कल मूळ फाइलबरोबरच मरते.

एक गोष्ट राहिली. आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, जाड. माळ्यावर सिग्नल पोहोचत नव्हता. राउटर दाराजवळून काढून मधल्या जिन्याच्या वर, उंचावर लावला आणि माळ्यावरचा कॉम्प्युटर वायरनेच जोडला, तेव्हा फोटो भराभर उघडू लागले. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण जाड भिंतीपुढे ते लवकर थकतं. पलीकडच्या खोलीत २.४ च चालतं.

दादीच्या फोटोंसाठी नातेवाइकांकडे निरोप गेले आहेत. गेल्या ईदला खेडच्या फुफींच्या पेटीत दोन सापडले. एकात दादी विहिरीवर उभ्या आहेत, दुसऱ्यात कोण आहे ते अम्मींनाही ओळखता येत नाही. दोन्ही स्कॅन केले आणि त्याच रात्री तीन ठिकाणी ठेवले.