कुलपाचे दोन धर्म

मोटारीचे दार लावताना होणारा 'खट्' आवाज आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की, तो येईनासा झाला तरच त्याची आठवण होते. मग घरगुती उपाय सुरू होतात. दार दोनदा आपटायचे, तिसऱ्यांदा जोरात आपटायचे, कुणी दोरीचा सल्ला देतो, आणि शेवटी "त्या दाराने कुणी उतरू नका हं" असा कायमचा हुकूम निघतो. कितीतरी घरच्या गाड्यांना असे एक सोवळ्यातले दार असते.

बँकेतली पस्तीस वर्षे माझी कुलपांच्या सहवासात गेली. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी सहकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. त्या कुलपाला एकच धर्म ठाऊक, भलत्या हाताला उघडायचे नाही. मोटारीच्या कुलपाला मात्र दोन धर्म पाळावे लागतात. गाडी आदळली तरी त्याने सुटता कामा नये, आणि आतल्या माणसाने हँडल ओढताच विनातक्रार सुटले पाहिजे.

हे साधते कसे, ते पाहण्यासारखे आहे. दाराच्या कडेला खाच असलेला एक लोखंडी आकडा दिसतो, आणि समोर चौकटीवर जाड सळईची छोटी कमान. दार लावले की कमान खाचेत शिरते, आकडा फिरतो आणि त्याच्यामागे एक खटका पडतो. हा खटका दोन टप्प्यांत पडतो. पहिल्याच टप्प्यावर राहिला, तर दार लागल्यासारखे वाटते, पण सैल असते. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला काचेवर टकटक करून "दार उघडंय!" म्हणतो, ते हेच. हँडल ओढले की दाराच्या पोटातली एक बारीक सळई किंवा तार खटका उचलते आणि आकडा स्प्रिंगने मोकळा होतो. लॉकचे बटण दाबले की हँडल आणि खटका यांचे नाते तात्पुरते तुटते. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक फक्त आतल्या हँडलचे नाते तोडते.

दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व जगाला फार मोठी किंमत मोजून कळले. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी मोटार अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा धडकेत दार उघडून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसांना धोका कितीतरी जास्त असतो, हे पुढे आले. १९५६ च्या मॉडेलांत फोर्ड कंपनीने अधिक पक्की कडी आणली. १९६८ पासून तिथे नियमच झाला. पूर्ण लागलेल्या कडीने लांबीच्या दिशेने अडीच हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे अकराशे किलोंचा भार सोसला पाहिजे. पहिल्या टप्प्यावर मात्र हजार पौंडच पुरेत. म्हणजे अर्धवट लागलेल्या दाराकडून नियमानेच निम्म्याहून कमी अपेक्षा धरलेली आहे!

दुसरा धर्म आमच्या घरी सासूबाईंनी शिकवला. एका लग्नाहून परतल्यावर मागचे डावे दार आतूनही उघडेना, बाहेरूनही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई शालू सावरत उजवीकडे सरकत उतरल्या आणि म्हणाल्या, "बसवताना दोन दारं होती, उतरवताना एकच कसं गं?" सगळे हसलो. पण रात्री विचार आला, उजवीकडून ट्रक येत असता तर? धूर निघाला असता तर? उन्हात बंद मोटारीतले तापमान अर्ध्या तासात वीसेक अंशांनी चढू शकते. तेव्हा न उघडणारे दार ही नुसती गैरसोय नसते.

असे घट्ट बंद बसलेले दार खोलणे हे मिस्त्रीचेच काम, कारण आतले पॅड काढायचे स्क्रूच पुष्कळदा बंद दाराआड दडलेले असतात. पण दार उघडत असेल आणि लागत नसेल, किंवा एकच हँडल रुसले असेल, तर घरी पाहता येते. आतून उघडत नसेल तर आधी चाइल्ड लॉक पाहावे. पुष्कळांची दुरुस्ती तिथेच संपते. दार लागतच नसेल, तर आकडा आधीच फिरून बसला आहे का ते बघावे. बाहेरचे हँडल ओढून धरले की तो मोकळा व्हायला हवा. नाही झाला, तर दोष सळईत, क्लिपमध्ये किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये.

मग पॅड काढायचे. काच वर, किल्ली बाहेर. दारात विजेच्या काचा किंवा एअरबॅगचे सेन्सर असतील तर आधी गाडीचे माहितीपुस्तक वाचावे आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. हँडलमागचे आणि हात टेकायच्या जागेचे स्क्रू काढून पॅड खालच्या बाजूने, लाकडी पट्टीने हळूहळू सोडवावे. आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद फाडू नये. पावसाचे पाणी तोच अडवतो. आता एकाने हँडल हलवावे, दुसऱ्याने आत टॉर्च धरावा. आमच्याकडे गॅरेजवाल्याने दार उघडून दिले आणि "अख्खं लॉक बदला" म्हणाला. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने टॉर्च धरला, तेव्हा बाहेरच्या हँडलची सळई निसटून लोंबकळताना दिसली आणि तिची प्लॅस्टिकची क्लिप दाराच्या तळाशी पडलेली. आतल्या हँडलची वाट वाळलेल्या ग्रीसने अडली होती. नवी क्लिप, थोडी साफसफाई, थोडे नवे ग्रीस, एवढ्यावर काम भागले.

यानंतरची पायरी सर्वांत मोलाची. दार उघडे असतानाच स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने आकडा दाबून फिरवावा. दोन वेळा 'खट्' ऐकू आले पाहिजे. मग आतले हँडल, बाहेरचे हँडल, बटण, किल्ली, प्रत्येकाची परीक्षा घ्यावी. सगळे पास झाले तरच दार लावावे. बँकेत स्ट्राँगरूमचे कुलूप दुरुस्त झाले की आम्हीही दार सताड उघडे ठेवूनच किल्ल्या फिरवून बघत असू.

जिथे थांबायचे तिथे थांबावे. क्लिपच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये. ती निसटेल तेव्हा कदाचित आपण घाटात असू. आकडा झिजला असेल, दार अपघातात वाकले असेल, किंवा चौकटीवरची कमान हललेली असेल, तर पूर्ण लॉक बदलावे आणि ते जाणत्या माणसाकडूनच.

आजच्या रविवारी गाडी धुऊन झाली की पाच मिनिटे काढावीत. चारही दारे आतून एकदा, बाहेरून एकदा उघडून पाहावीत. घरातल्या मुलांना आणि वृद्धांनाही आपापले दार स्वतः उघडायला सांगावे.